तळ दिसला पाहिजे

नळीतलं पाणी निळं होऊ लागलं तशी मी स्टुलावरून उठलेच.

फॉस्फेटची चाचणी तशी सोपी असते. नमुन्यात दोन द्रावणं टाकायची आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. फॉस्फेट असेल तर पाणी निळं होतं. जितकं जास्त, तितकं गडद. आसपासच्या द्राक्षबागांचे देठ आमच्या प्रयोगशाळेत तपासायला यायचे, त्यामुळे तो निळा रंग मला झोपेतही ओळखता आला असता. पण हा नमुना देठाचा नव्हता. पोहण्याच्या टँकचं पाणी होतं ते, आणि दौतीतल्या शाईइतकं निळं झालं होतं.

"सापडलं," मी म्हणाले. "अण्णा, तीन पीपीएम. पोहायच्या पाण्यात याचा दहावा हिस्सासुद्धा नको."

रंगनाथअण्णा ढोमसे मांडीवर टोपी ठेवून बाकावर बसले होते. मोहवडीचे मोठे बागायतदार, आमचे जुने गिऱ्हाईक. बागेचा रिपोर्ट घ्यायला आले की ते उभ्या उभ्या घेऊन जायचे. त्या सोमवारी मात्र तासभर बसून होते.

"फॉस्फेट?" ते म्हणाले. "ते तर आपण विकत आणून घालतो बागेला."

"बागेतलं मुळं खातात. टँकमधलं शेवाळ खातंय. टँक भरता कुठल्या लाइननं?"

"ड्रीपच्याच. दुसरी लाइन कुठंय तिकडं?"

"आणि त्याच लाइनीतून झिरो बावन्न चौतीस सोडता?"

अण्णांनी मान डोलावली. झिरो बावन्न चौतीस हे द्राक्षवाल्यांचं लाडकं खत, आणि त्यात निम्म्याहून जास्त फॉस्फेट. पाइपात उरलेलं खत दर खेपेला टँकमध्ये जात होतं.

"म्हंजे मी शेवाळाची बाग लावू राह्यलो होतो," ते सावकाश म्हणाले.

मी तेवीस वर्षांची होते. नोकरीला पाच महिने झालेले. पहिल्यांदाच चोर माझ्या हातानं पकडला गेला होता आणि माझे कान आनंदानं गरम झाले होते. "एवढं फॉस्फेट उतरवलं की टँक काचेसारखा होईल," मी म्हणाले. "माझी जबाबदारी." ती जबाबदारी माझ्याकडे कुणी मागितली नव्हती.

अण्णांनी तो टँक हौसेनं बांधलेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी मनू, नऊ वर्षांची, घरच्याच शेततळ्यात पडली. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो. त्यावर शेवाळ धरलं की धडधाकट गडीसुद्धा वर चढू शकत नाही. मनू गेली. त्या पावसाळ्यात अण्णांनी चांगली फळ देणारी अर्धा एकर बाग उपटली आणि वीस मीटर लांब, आठ मीटर रुंद असा टँक बांधला, फिल्टरसकट. शाळेत जाऊन हेडमास्तरांना म्हणाले, तुमच्या पोरांना पोहायला मी शिकवतो. पहिल्या उन्हाळ्यात चाळीस मुलं शिकली. दुसऱ्या तुकडीची बत्तीस मुलं येत्या रविवारी यायची होती, आणि टँक पालकाच्या भाजीसारखा हिरवागार झाला होता.

अण्णांचा एक नियम होता. रोज सकाळी ते आपली जुनी लाल मुठीची कात्री, घड विरळायची, टँकच्या खोल बाजूला टाकायचे. आठ फुटांवरची कात्री काठावरून दिसली तर मुलं पाण्यात उतरणार. नाही दिसली तर कुणीही नाही. मग दोरीला बांधलेल्या लोहचुंबकानं ती वर ओढून काढायची.

"जिथं कात्री दिसत नाही, तिथं बुडालेलं पोर काय दिसणार?" टोपी घालत ते म्हणाले. "मॅडम, रविवारी कात्री दिसली तर ठीक. नाहीतर मुरूम टाकून बुजवतो तो खड्डा. एक शेततळं पुरे झालं मला."

ते बोलले तसं करणारे गृहस्थ होते. उपटलेली अर्धा एकर बाग साऱ्या तालुक्यानं पाहिली होती.

मंगळवारी नाशिकहून फॉस्फेट उतरवायचं औषध आलं आणि मी ते घेऊन मोहवडीला गेले. स्कूटीवर गाणी म्हणून म्हणून माझा घसा बसला. टँकच्या फाटकाशी अण्णांची बायको, कौसाकाकू, किल्ली घेऊन उभ्या होत्या. पन्नाशीची, काटक बाई. एप्रिलची छाटणी जोरात होती, तरी त्यांचं लुगडं कोरं आणि केस नुकते न्हाल्यासारखे ओले होते. मला वाटलं, पाहुणी येणार म्हणून आवरलं असेल.

"क्लोरीन टाकता ना रोज?" मी विचारलं. वहीत त्याचा एक रकाना होता, तो भरायचा म्हणून.

"टीसीएल ना?" अण्णाच म्हणाले. "ते कौसाकडं. मी पहाटे बागेत जातो, मग ती टाकती पावडर."

काकूंनी मान हलवली, हात पदराखाली घेतले आणि चहा टाकायला निघून गेल्या. मी रकान्यात 'होय' लिहिलं.

औषध पडल्यावर पाण्यावर दुधासारखा पांढरा गढूळपणा आला. बाटलीवर लिहिलंच होतं की असं होतं. मी दिवसभर फिल्टर चालू ठेवायला सांगितलं. बुधवार गेला. गुरुवारी दुपारी नमुना घेतला आणि निळ्या रंगाची वाट बघत बसले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. नळीत जेमतेम आभाळी झाक आली. पॉइंट दोन. तिनावरून पॉइंट दोनवर.

जेवणाचा डबा तसाच ठेवून मी मोहवडी गाठली. "अण्णा, उतरलं," मी फाटकातूनच म्हणाले. "पॉइंट दोन. फॉस्फेट जवळजवळ संपलं."

अण्णा काठावरच होते. त्यांनी कात्री पाण्यात टाकली. वीतभर खाली गेली आणि दिसेनाशी झाली. पाणी सोमवारपेक्षा जास्त हिरवं होतं. भिंतीला हात लावला तर बोटं बुळबुळीत झाली.

"आकडा उतरला तुमचा, मॅडम," ते म्हणाले. "टँक नाही उतरला."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. रात्रभर मी पुस्तकं चाळली. फॉस्फेट हे शेवाळाचं खाणं, हे प्रत्येक पुस्तकात होतं. खाणं काढून घेतल्यावरही ते वाढतंय कसं, ते कुठेच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता पुन्हा गेले तेव्हा टँकशेजारी मुरुमानं भरलेला ट्रॅक्टर उभा होता, इंजिन चालू. ड्रायव्हर ट्रॉली मागं घ्यायच्या बेतात होता.

"रविवार म्हणाला होतात," मी म्हणाले.

"दोन दिवसांत काय फरक पडू राह्यला? पोरांना उगं आशेला लावायचं." अण्णांचा आवाज शांत होता, पण ते टँककडे बघत नव्हते.

तेवढ्यात गावच्या नळाचा व्हॉल्व्ह सोडायला सुभानभाई आले. व्हॉल्व्ह अण्णांच्या फाटकाशीच होता. सुभानभाई शेख हे ग्रामपंचायतीचे पाणीवाले. गावच्या टाकीत पावडर टाकायची आणि नळाच्या पाण्याची ओटी घ्यायची, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. ओटी म्हणजे चमचाभर पाण्यात औषधाचे चार थेंब. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं, नसेल तर नाही. चौथीतलं मूलही करू शकेल.

"अण्णा, मयत झालं का ते तरी बघू द्या, मग पुरा," ते म्हणाले आणि खिशातून बाटली काढून टँकपाशी बसले. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवून उन्हात धरलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. पाणी जसं होतं तसंच राहिलं, फिकट हिरवं. पिवळ्याचा मागमूस नव्हता.

"काहीच नाही," सुभानभाई म्हणाले. "नावाला पण नाही. गावच्या गटारीत यापेक्षा जास्त निघंल."

 वहीतला तो 'होय' मला डोळ्यांपुढे दिसला.

"असं कसं होईल?" अण्णा म्हणाले. "कौसा रोज टाकती."

ट्रॅक्टरच्या आवाजानं कौसाकाकू बाहेर आल्याच होत्या. आम्ही तिघांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या मोटारीच्या खोलीत गेल्या आणि पावडरीचं पोतं दोन्ही हातांनी ओढत काठापर्यंत आणलं. पोत्याच्या तोंडाची शिवण उसवलेलीही नव्हती.

"तीन आठवडे झाले," त्या म्हणाल्या. "टाकलीच नाही मी."

"पण का?"

त्यांनी तळहात पुढे केले. छाटणीनं बोटांना जागोजाग चिरा गेल्या होत्या. "झोंबती. आन् डोळे लाल व्हत्यात. तुम्ही विचारलं आसतं, डोळ्याला काय झालं, तर मी काय सांगणार होते?"

"हाताला झोंबती तर दुसऱ्या कुणाला सांगायचं. डोळ्यांचा काय संबंध?"

"मी उतरते ना पाण्यात."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"रोज," काकू म्हणाल्या. "तुम्ही बागेत गेले का लगेच. मागच्या साली तुम्ही आणलेले सर पोरांना शिकवत होते, ते मी खिडकीतून बघून ठिवलंय. पाय मारता येत्यात मला. आपल्या बोअरचं पाणी, त्याला कशाला पावडर, आसं वाटलं. ते हिरवं व्हायला लागलं तवा लई भ्याले, पण मंग बोलायला तोंड राह्यलं नाही." मग त्यांनी ट्रॅक्टरकडे बोट केलं. "तेवढं माघारी धाडा. मला अजून कड सोडता येत नाही."

 एकतीस वर्षांचा संसार, आणि आपली बायको रोज पहाटे पाण्यात उतरते हे त्यांना पाणीवाल्यासमोर कळत होतं.

मला बोलायचंच होतं. "अण्णा, चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी विचारलं, पण तपासलं नाही. माझ्या हातात मोठा आकडा आला आणि मी त्याच्याच मागं धावले. फॉस्फेट खाणं असलं तरी खाणारा जिवंत पाहिजे. क्लोरीन असतं तर तिनाचे तीस झाले असते तरी शेवाळ धरलं नसतं. दोन दिवस द्या."

अण्णा पोत्याकडे बघत होते, पोत्याकडून काकूंच्या हातांकडे. "ट्रॅक्टर लिंबाखाली लाव," ते ड्रायव्हरला म्हणाले. "खाली करू नको. रविवार म्हंजे रविवार."

पुढचे दोन दिवस आठवले की आजही माझे पाय जागेवर राहत नाहीत.

दोन लाख लिटर पाणी. सुभानभाईंनी सहा किलोचा पहिला डोस मोजला. पावडर तशीच टाकायची नाही. बादलीत कालवायची, साका खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टँकभर फिरवून ओतायचं. अण्णांनी पँट वर दुमडून बादल्या वाहिल्या. कौसाकाकू लांब दांड्याच्या झाडूनं भिंती घासत होत्या, आणि या वेळी हातांना फडकी गुंडाळली होती. तासाभरानं ओटी घेतली. पाणी पांढरंच.

"एवढं टाकलं ते गेलं कुठं?" अण्णा म्हणाले.

"खाल्लं त्यानं," सुभानभाई म्हणाले. "उपाशी नाही ना ते, चांगलं पोसलंय. अजून घाला."

दुसरा डोस दुपारी. तासाभरानं नळीत केसराच्या काडीइतकं पिवळं दिसलं आणि माझ्या डोळ्यांदेखत राहिलं. मी ते अण्णांना दाखवायला धावले, तर सुभानभाई म्हणाले, "थांबा बाई, अजून एक तास." तासानं ते गेलं होतं. मी तिथंच फरशीवर बसले. लिंबाखालच्या ट्रॉलीतला मुरूम तिथून बरोबर समोर दिसत होता.

ऊन उतरल्यावर तिसरा डोस, कारण ऊन क्लोरीनला टिकू देत नाही. दिवेलागणीला सुभानभाईंनी नळी उचलली, आणि पाणी पिवळं झालं. मग आणखी पिवळं. मग शेंदरी.

"धरलं," ते म्हणाले. एवढंच. मी मात्र अण्णांच्या हातातली रिकामी बादली हिसकावून तिच्यावर बोटांनी ठेका धरला. काकू झाडू टेकवून हसत होत्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

शनिवारी सकाळी हिरवं नव्हतं. पाणी राखाडी, मेल्यासारखं. मला ते वाईट लक्षण वाटलं, पण सुभानभाईंनी ते उडवून लावलं. "हिरवं ते जिवंत, पांढरं ते मेलेलं. आता गाळायचं काम." दिवसभर फिल्टर चालला. दर दोन तासांनी तो उलटा धुवायचा, की खळखळून घाण बाहेर पडायची. दुपारी दुसरी पायरी दिसली. चारला तिसरी. ती पायरी आधी कुणाला दिसली यावरून मी आणि अण्णा भांडलो.

त्या गोष्टीला सोळा वर्षं झाली. आता माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे आणि रिसॉर्टवाले, सोसायटीवाले पाण्याच्या बाटल्या घेऊन येतात. कुणीतरी त्यांना फॉस्फेटची भीती घातलेली असते. मी विचारते, आज क्लोरीन किती होतं? स्वतः बघितलं का? निम्मे तिथूनच परत जातात. मोहवडीच्या टँकमध्ये पुढच्याच उन्हाळ्यात फॉस्फेट पुन्हा तिनावर गेलं होतं. पाणी लख्ख होतं, म्हणून मी तो आकडा अण्णांना सांगितलाही नाही.

पण मला सांगायचंय ते रविवारचं.

सकाळी साडेआठ. फाटकाबाहेर बत्तीस मुलं, हातात टॉवेल, बरोबर शाळेच्या बाई. ट्रॅक्टर लिंबाखाली तसाच भरलेला. ओटी फिकट पिवळी आली, हवी तेवढी. अण्णांनी कात्री टाकली. ती डुलत डुलत गेली, तळाला टेकली आणि तिथं पडून राहिली. लाल मूठ, दोन पाती, मधला स्क्रूसुद्धा दिसत होता.

अण्णा बराच वेळ वाकून बघत राहिले. मग डोळे पुसून फाटकाकडे वळले.

"थांबा," कौसाकाकू म्हणाल्या. "आधी मी."

त्या मोटारीच्या खोलीतून बाहेर आल्या त्या पंजाबी ड्रेस घालून. ओढणी कमरेला कचकून बांधलेली. बाहेर गावची मुलं उभी, शाळेच्या बाई उभ्या, आणि ढोमशांच्या घरची बाई असल्या कपड्यांत. अण्णा वाटेतून बाजूला झाले.

काकू पायऱ्यांनी उतरल्या. छातीएवढ्या पाण्यात, शेवटच्या पायरीवर, कड धरून उभ्या राहिल्या. समोरची कड आठ मीटरवर, आणि मध्ये पाणी त्यांच्या डोक्यावरून जाणारं. त्यांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि हात सोडला.

ते पोहणं नव्हतं म्हणा. मान ताठ वर, हात पाणी ओरबाडतायत, पाय मागं धबधब. पण त्या पुढे सरकत होत्या. अण्णा टँकला वळसा घालून धावत समोरच्या कडेला गेले आणि गुडघ्यांवर बसले. निम्म्यात काकू थांबल्या. डोकं खाली गेलं. मी चपला काढल्या, सुभानभाईंनी बांबू उचलला. पाणी इतकं स्वच्छ होतं की आत त्यांचे उघडे डोळे दिसत होते. मग एक हात वर आला, मग डोकं, आणि त्या पुन्हा ओरबाडू लागल्या.

समोरच्या कडेवर त्यांची बोटं पडली तेव्हा अण्णांनी ती दोन्ही हातांनी धरली. फाटकाबाहेर मुलं ओरडत होती. काकूंना धाप लागली होती. नाकातोंडात गेलेलं पाणी त्यांनी थुंकलं आणि मागं वळून, आत्ताच ओलांडलेल्या त्या आठ मीटर पाण्याकडे बघितलं.

"मनू एवढीच लांब होती," त्या म्हणाल्या. "काठावर मी होते, अहो. एवढंच होतं."

 अण्णांनी चिरा पडलेले ते हात सोडले नाहीत. काकूंनीच मग तोंडावरून ओला हात फिरवला आणि फाटकाकडे बघितलं.

"सोडा पोरांना आत," त्या म्हणाल्या. "ऊन व्हईल."